पेटायच्या आधीची पातळभाजी

डिचोलीच्या बाजारातला आमचा चहावाला ओरडला, की पार पलीकडच्या कारापूर गावात खनिजाचे ट्रक ब्रेक मारत. दिल्लीने लढाईत होरपळलेल्या कुठल्याशा देशाला तांदूळ पाठवल्याची बातमी रेडिओवर लागली, की तो किटली आपटायचा.

“मुलूख पेटल्यावर तांदूळ धाडतत! पेटायच्या आधी धाडूक काय हात मोडलेले?”

“परराष्ट्र धोरण असतं ते,” मी म्हणायचो.

“धोरण खंयचा? बाराव्याचा जेवण तां!”

गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, या आंदोलनात एका सकाळी त्याच्याच दारात कोकणीवाले आणि मराठीवाले दगड घेऊन समोरासमोर उभे राहिले. पोलिसांचा पत्ता नव्हता. या बाबाने पातळभाजीचं पातेलं रस्त्याच्या मधोमध आणून ठेवलं. होडी चालावी एवढं पातेलं! मग दोन्हीकडे पाव वाटत सुटला.

“आधी खावा रे, मगे टकली फोडा!”

पाव धरायला हात मोकळा हवा, म्हणून एकेकाने दगड खाली टाकले. खाऊन झाल्यावर ते पुन्हा उचलायला वाकणं कुणाला जमेना. शिव्या देत, ढेकर देत सगळे घरी गेले.

दुपारी जीपमधून एक साहेब उतरले. “शांतता राखायला सरकारने मदत पाठवली आहे.”

चहावाल्याने त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

“बरा झाला इलात. आता पातेला घासा.”