अकरा वेळा एक

हे सांगणं मी काही वर्षं टाळत आलो. गेल्या महिन्यात सुनेचा फोन आला, "बाबा, अण्णा गेले…" आणि दुःखाच्याही आधी मनात आलं ते हे, की आता सांगायचं राहूनच गेलं.

अण्णा म्हणजे माझे व्याही, दिनकरराव. ते वेल्ह्याला गणित शिकवायचे, मी भोरला. निवृत्तीनंतर त्यांनी एक संख्या धरली होती. अकरा वेळा एक. वाचायला अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ती मूळ संख्या आहे की तिला कशाने तरी भाग जातो, हे त्यांना स्वतःच्या हाताने काढायचं होतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर ते एकेका मूळ संख्येने भागत बसायचे. विहीणबाई म्हणायच्या, "पोरीच्या लग्नात एवढा हिशेब न्हाई केला ह्यांनी!" त्यावर ते हसत, "तिथं बाकी काय उरणार हुतं?"

पुढे मोतीबिंदू वाढला, आकडे नीट दिसेनात. तेव्हा मला म्हणाले, "तुमचा एक विद्यार्थी पुण्यात कॉम्प्युटरवर असतो ना? त्याला एवढंच इचारा, भाग जातो का न्हाई. कशानं जातो ते सांगू नका हां! जात आसंल तर म्या काढीन. एकवीस हजार सहाशे सतरापर्यंत आलोय."

मी हो म्हणालो आणि विसरलो. नातवाच्या बारशाला सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी विचारलं, "काय म्हनला तुमचा विद्यार्थी?" विसरलो म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "मूळच आहे. कशानेही भाग जात नाही." मी मुलाचा बाप… माझ्या शब्दावर मुलीच्या बापाने शंका घ्यायची आमच्याकडे रीत नाही. "सुटलो म्हनायचं!" म्हणत त्यांनी मला पेढा भरवला. भागाकार त्या दिवशी थांबला.

नंतर कधीतरी मुलाला मोबाईलवर बघायला सांगितलं. उत्तर लगेच आलं. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने पूर्ण भाग जातो. ते पोचले होते त्या एकवीस हजार सहाशे सतराच्या पुढे एक मूळ संख्या सोडली की हीच. म्हणजे अजून दोन भागाकार… आणि ते गावातल्या पोरांना सांगत राहिले, "ही तुटत न्हाई. आमच्या व्याह्यांनी खात्री केलीय."

शेवटचं भेटायला निघालो तेव्हा नसरापूरला एसटी बदलेपर्यंत वाक्य मनात जुळलं होतं. ते अंथरुणावर होते. मी तोंड उघडायच्या आत तेच चाचरत म्हणाले, "व्याही, रागवू नका, एक इचारतो. तुमच्या त्या विद्यार्थ्याची कुठं चूक तर न्हाई ना झाली? डोळ्यांचं आप्रेशन झालंय आता. वाटतं, पुढचे दोन-चार भागून बघावंत."

मी म्हणालो, "छे. त्याची चूक होणार नाही."

"व्हय, ते बी खरंच," म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. मी तो प्यायलो.

दिनकरराव, त्याची चूक नव्हतीच. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही भागून बघायला हवं होतं… मला माफ करा.