जळगावची मेल धुळ्यात

१२ ऑगस्ट १९९९, गुरुवार. सकाळपासून माझं एकच काम चाललं होतं. कॉम्प्युटर फोनला जोडायचा, मेल आली का बघायची, नाही म्हटलं की लगेच जोडणी तोडायची. लगेच, कारण लॅबला फोन एकच होता आणि पेशंटही त्यावरच बोलत. मध्येच कोणी रिसीव्हर उचलला की जोडणी तुटे आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

जळगावात आमची रक्त-लघवी तपासायची लॅब. नवरा डॉक्टर, मायक्रोस्कोप त्याचा. बाकी सगळं माझं. धुळ्याला आमचं छोटं केंद्र होतं, ते नाना सांभाळत. नाना म्हणजे निवृत्त कंपाउंडर, अत्यंत नीटनेटका माणूस. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही दोन्हीकडे कॉम्प्युटर घेतले आणि दोन्हीकडे लॅबचा एकच मेलचा पत्ता घालून घेतला. घालून देणारा म्हणाला होता, "पत्ता एक, बघा कुठूनही." आम्ही खूश.

बाकावर पारोळ्याच्या एक शिंपीणबाई बसल्या होत्या. छातीत गाठ. तुकडा काढून मुंबईला तज्ज्ञांकडे पाठवला होता आणि रिपोर्ट मेलने यायचा होता. नाशिकचे सर्जन पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी, जळगावात येत. शुक्रवारी दुपारपर्यंत हॉस्पिटलात रिपोर्ट दाखवला तर बाईंचं नाव ऑपरेशनच्या यादीत लागणार होतं. नाहीतर पुढची खेप. अशी एक खेप आधीच हुकली होती.

बाई मोकळ्या बसत नसत. पिशवीतून ब्लाउज काढून हुक लावत बसत.

"अक्का, मना रिपोर्ट उना का?"

"नाही आला."

"मुंबईवाला झोपी ग्यात का?"

मुंबईवाले झोपले नव्हते. मी फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, मागच्या आठवड्यात पाठवलाय." मी म्हटलं, पुन्हा पाठवा. तिने पाठवला. मी जोडणी केली. काही नाही. अर्ध्या तासाने पुन्हा केली. काही नाही. नवरा स्लाइडवरून डोळा न काढता म्हणाला, "पाठवला म्हणतात आणि पाठवत नाहीत." मी त्या मुलीला पुन्हा फोन लावला, तर आता तिचाच आवाज चढला. दोनदा पाठवलाय, तुमच्याकडेच कुठेतरी असेल, म्हणाली.

"तुमना डबामा भूत शे का काय?" बाई माझ्या कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या. "बठ्ठं गिळी लेस."

सगळं गिळणाऱ्या भुताचं मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नव्हतं. हुक लावताना सुई दोनदा बोटात गेलेली मी पाहिली. दुपारच्या गाडीने त्यांना परत पाठवलं आणि सांगितलं, आला की निरोप देते.

संध्याकाळी हिशेबाच्या कामासाठी धुळ्याला फोन केला आणि सहज विचारलं, "नाना, तुमच्याकडे मुंबईची काही मेल आली का हो?"

"आली ना ताई. बऱ्याच आल्या."

मी उभीच राहिले. "मग सांगितलं का नाही?"

"आपल्या नव्हत्या त्या. जळगावच्या पेशंटच्या होत्या. दुसऱ्याचं पत्र कशाला उघडायचं? मी हातसुद्धा लावला नाही. आणि तुमच्याकडे आल्याच असतील की."

नानांना वाटत होतं, मेल वर्तमानपत्रासारखी येते. तुमच्या घरी तुमचा अंक, आमच्या घरी आमचा. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात टपाल एकाच पेटीत पडत होतं, आणि जो आधी जाईल तो पेटी रिकामी करून घरी नेत होता. मी एरवी बिलाच्या भीतीने दिवसातून दोन-चारदा जोडायची. नाना शिस्तीचे, पेशंट नसला की जोडत. बहुतेक वेळा तेच आधी पोचत होते.

"ती मेल मला पाठवा."

"कोणत्या पत्त्यावर?"

"आपल्याच!"

मी फोन ठेवला, कॉम्प्युटर जोडला. काही नाही. फोन वाजला.

"पाठवली ताई. आणि आनंदाची गोष्ट, मुंबईची आणखी एक आली आत्ता."

"नाना, ती तुम्हीच पाठवलेली आहे."

मग ते म्हणाले, "म्हणजे मीच मला?"

पुन्हा प्रयत्न केला. पाठवा आणि मशीन बंद करा, असं बजावलं. पण पाठवायचं आणि आणायचं बटण एकच होतं. मेल गेली आणि त्याच दमात परत आली. नानांकडे आता त्याच रिपोर्टच्या चार प्रती होत्या आणि माझ्याकडे एकही नव्हती.

मी म्हटलं, उघडा आणि वाचून दाखवा, मी लिहून घेते. नवऱ्याने तेवढ्यात खुर्ची फिरवली. "फोनवर नाही. लाइन खरखरते. एक शब्द गळला तर उलटा अर्थ होईल." बरोबर होतं त्याचं.

"मग छापतो आणि एसटीच्या कंडक्टरकडे देतो," नाना म्हणाले. "रक्ताच्या बाटल्या देतोच की आपण."

"बाटलीवर नुसता नंबर असतो, नाना. कंडक्टर पारोळ्याचा निघाला तर बाईंच्या आधी गावाला कळेल."

मुंबईचं ऑफिस बंद झालं होतं, आणि त्यांच्या भरवशावर शुक्रवारची सकाळ घालवायची माझी तयारी नव्हती. नानांना सांगितलं, आता कशालाही हात लावू नका, फोनची वायर काढून ठेवा. त्यांनी ती इतकी चटकन काढली की माझं वाक्यही पुरं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने धुळ्याला गेले. नाना दारात किल्ली घेऊन उभे. मी रिपोर्ट उघडला, वाचला, छापला. गाठ वाईट होती. लहान होती, पण वाईट. मग सेटिंग शोधून धुळ्याच्या मशीनने पेटीतून नुसती नक्कल घ्यावी, मूळ तिथेच सोडावं, असं करून ठेवलं. पेटी रिकामी करण्याचं काम फक्त जळगावचं. नानांना दोनदा करून दाखवलं आणि परतीच्या गाडीत बसले.

पारोळ्याला उतरले. बाईंचं दुकान स्टँडच्या समोरच. मशीन चालू होतं. मला बघून त्यांनी पाय थांबवला.

"काय शे?"

"वाईट आहे. लहान आहे. उद्या काढायची."

त्यांनी सुईखालचं कापड सोडवलं, दाताने दोरा तोडला. "हाई नणंदले देस नि येस," म्हणाल्या.

गाडी निघून गेली होती. आम्ही दुसरीची वाट बघत उभ्या राहिलो, मिळाली तिच्यात दाटीवाटीने चढलो, आणि दुपार व्हायच्या आत मी रिपोर्ट आणि बाई दोन्ही हॉस्पिटलच्या टेबलापुढे नेऊन उभ्या केल्या. नाव लिहून होईपर्यंत तिथून हलले नाही.