झऱ्यावरची फळी

इसाकुच्या घरामागच्या तळ्यात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी येई, आणि ते इसाकुकडे थांबत नसे. तळं भरलं की पाणी दगडी पाटाने कुंपणाखालून किनजोच्या तळ्यात उतरे, आणि तिथून पुढे भाताच्या खाचरांत. झऱ्याच्या तोंडाशी देवदाराची एक जुनी फळी होती. ती खाली पाडली की पाणी बाजूच्या ओढ्याला वळे आणि दोन्ही परसांतला तो बारीक खळखळाट थांबे. तळं उपसायचं असलं की आदल्या दिवशी खालच्या घरी सांगायचं आणि मगच फळी पाडायची, अशी रीत होती. न सांगता फळी पाडणं म्हणजे भांडण उकरून काढणं.

इसाकुने सत्तरी ओलांडली होती. बुटका, पाय धनुष्यासारखे वाकलेले, गळ्यात बारा महिने एक पंचा. डोंगरउतारावरची मासे वाढवायची मातीची तळी त्याने बायको, मित्सुए, गेली त्या वर्षी विकून टाकली. परसातलं तळं तेवढं ठेवलं, आणि त्यातले वीसएक म्हातारे रंगीत मासे. ते विकायचे नव्हते. सकाळी देव्हाऱ्यात तिच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवायची, मग तळ्यावर जाऊन दोनदा टाळी वाजवायची. टाळीसरशी मासे कडेला गोळा होत आणि इसाकु त्यांना नावानिशी बोलावी. नावं म्हणजे त्यांच्या जातीच. पांढऱ्यावर लाल तो कोहाकु. त्या दोन रंगांवर शाईचे थेंब उडाल्यासारखं काळं असलं की सान्के. काळ्या अंगावर लाल-पांढरं उमटलं की शोवा. पाठीवर निळं जाळं विणलेला असागि, अंगभर सोनेरी तो ओगोन.

कुंपणापलीकडून किनजो ऐकत असे. तो इसाकुहून वर्षभराने लहान. शाळेत दोघं एकाच बाकावर बसले होते आणि तेव्हापासून भांडत आले होते.

"झाली का हजेरी?" किनजो ओरडे. "आणि मुळा? मुळा कुठल्या जातीचा ते सांग की!"

मुळा हा एकच मासा होता ज्याला इसाकु जातीने हाक मारत नसे. पांढराफटक, लांबोडका, अंगावर एक ठिपका नाही. बाजारच्या टोपलीतून उडी मारून तळ्यात पडलेल्या मुळ्यासारखा.

तो मित्सुएने ठेवलेला होता. पिल्लं निवडायचं काम गावात बायकांचं. उन्हाळ्यात छपराखाली पांढऱ्या घमेल्यांपुढे बसायचं, बोटभर लांबीची पिल्लं छोट्या जाळीने उचलायची, एका नजरेत ठरवायचं. हजारातून मूठभर ठेवायची, बाकीची खड्ड्यात. मित्सुएचा हात गावात सगळ्यात कठोर म्हणून माहीत होता. नव्या सुना रडायच्या, तेव्हा ती म्हणायची, "रडा, पण हात थांबवू नका." शेवटच्या उन्हाळ्यात, पोटातल्या दुखण्याने ती वाकून बसायची तेव्हा, सान्केच्या पिल्लांतलं एक कोरं पांढरं पिल्लू तिने राखायच्या बादलीत टाकलं.

"चुकून पडलं गं," इसाकु म्हणाला होता.

"चुकून नाही. याच्या कातडीखाली काळं आहे. निजलंय अजून."

"मला तर काही दिसत नाही."

"तुम्हाला कधी दिसलंय?"

पानगळ व्हायच्या आत ती गेली. काळं काही वर आलं नाही. त्यानंतर किती हिवाळे गेले, मासा हातभर लांब झाला, आणि दर वर्षी पाणी गार पडायला लागलं की इसाकु गुडघ्यांवर बसून त्याची पाठ न्याहाळत असे. गारठ्यात काळं वर येतं म्हणतात. येत नव्हतं.

त्या वर्षी शरद लांबला होता. भात कापून झालं तरी अंगावर घाम येई. इसाकुच्या तळ्यातल्या एका कोहाकुला खालच्या गावच्या प्रदर्शनात नेऊच, असा किनजोने हट्ट धरला. आपल्याच छोट्या गाडीत पिशवी घालून तो घेऊनही गेला. प्रदर्शनात सगळ्या गावांचे मासे एकाच निळ्या हौदात सोडतात, आकाराप्रमाणे, शेजारी शेजारी. कोहाकुला त्याच्या गटात पहिला नंबर मिळाला.

बाहेरून आलेला मासा तीन आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवायचा, हे इसाकुला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने गोठ्याच्या जागी बांधलेल्या शेडमध्ये टाकी भरूनही ठेवली होती. पण नंबर आलेला मासा त्याच संध्याकाळी घरच्या तळ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायचा, हीदेखील गावची पद्धत. उजेड होता तोवरच माणसं आली. कोणी साकेची बाटली आणली, किनजोची बायको फुमी अळिंबीच्या रश्शाचं पातेलं घेऊन आली.

"टाकीत आहे," इसाकु शेडकडे बोट दाखवत म्हणाला. "तिकडेच बघा."

"टाकीत?" किनजोने कपाळाला हात लावला. "ऐकलंत का? पहिल्या नंबराचा मासा हा आपल्याला गोठ्यात दाखवणार! अरे, वहिनी असती तर तुला त्या टाकीत बसवलं असतं!"

माणसं हसली. इसाकुही हसला. आणि त्याने मासा टाकीतून टबात घेऊन तळ्यात सोडला. मावळतीचं ऊन पाण्यावर आडवं पडलं होतं. कोहाकु मुळ्याच्या शेजारून गेला तेव्हा लाल अधिक लाल दिसलं. म्हातारे मोठ्याने वाहवा म्हणाले. कोणी म्हणालं, खांद्यावरचं लाल कसं कापून ठेवल्यासारखं आहे, कडेला पुसट नाही. इसाकुला त्या संध्याकाळी दोन पेले जास्त झाले.

दुसरा आठवडा संपता संपता असागि टाळीला आला नाही.

तो झऱ्याचं पाणी पडतं तिथे मान खाली घालून उभा होता. इसाकुने त्याला हातात घेतलं. अंग ओलं असून खरखरीत लागत होतं, डोळे आत गेलेले. त्याने अंगठ्याने कल्ला उचलून पाहिला. लाल कल्ल्यावर राखेसारखे पांढरे डाग होते. या रोगाबद्दल मासे पाळणाऱ्यांच्या सभेत सांगितलं होतं, चित्रंही दाखवली होती. एक मासा निघाला तर अख्खं तळं मारावं लागतं, कारण जो जगतो तोही रोग अंगात बाळगून असतो.

इसाकुने झऱ्यावरच्या फळीकडे पाहिलं.

फळी पाडली असती तर पलीकडचा खळखळाट थांबला असता, आणि चहाचा पेला खाली ठेवायच्या आत किनजो कुंपणाशी आला असता. पाणी का अडवलंस? मग सांगावं लागलं असतं. सांगितलं की सरकारी माणसं आली असती, आणि तळ्यात जे जे पोहत होतं ते ते गेलं असतं. मुळाही. मुळा अजून धडधाकट होता, टाळीला सगळ्यांत पुढे येत होता.

त्याने फळीला हात लावला नाही. घरातून मिठाचं पोतं आणलं आणि पाण्यात ओतलं. गारठ्याने असं होतं कधीकधी, असं स्वतःशी पुटपुटला, आणि पुटपुटताना पंच्याने कपाळावरचा घाम पुसला.

दुसऱ्या दिवशी असागि मेला. त्याला त्याने शेडमागे पुरलं. मग ओगोन, मग दोन सान्के. किनजोने विचारलं, "आज हजेरी नाही?" इसाकु म्हणाला, "घसा बसलाय." पाणी खळखळत खाली जात राहिलं. असे पाच-सहा दिवस गेले. रोज सकाळी तो भाताची वाटी ठेवायचा आणि बायकोच्या फोटोकडे न बघता उठायचा.

मग एका सकाळी टाळीला कोणीच आलं नाही. मुळा पाण्याच्या धारेशी मान खाली घालून उभा होता.

इसाकुने फळी पाडली. लाकूड फुगलेलं होतं, दोन्ही हातांनी दाबावं लागलं. आवाज थांबला.

"काय रे म्हाताऱ्या!" किनजो आलाच. "न सांगता—" त्याची नजर तळ्यावर गेली. त्याने कुंपणाचा बांबू धरला. "कधीपासून?" हे त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "फोन मी करतो. तू बस."

मत्स्यखात्याची तानाबे नावाची तरुण बाई आली. बरोबर दोन माणसं, पांढरे अंगरखे, रबरी बूट, चुन्याची पोती. ती हलक्या आवाजात बोलत होती. टबमध्ये गुंगीचं औषध घातलं होतं. त्यात मासा सोडला की तो हळूहळू आडवा होई. जाळं धरायला दोन माणसं लागतात. एक टोक इसाकुने धरलं, दुसरं धरायला किनजो न बोलावता पाण्यात उतरला.

"आजोबा, मला जात लिहून घ्यावी लागते," तानाबे म्हणाली. "तुम्ही सांगाल का?"

"कोहाकु," इसाकु म्हणाला. तो बक्षिसाचा. "शोवा. हाही शोवा, पण बघा, याच्या तोंडावरचं काळं विजेसारखं दुभागलंय. असं मागूनही मिळत नाही." बाईने मान हलवली आणि लिहिलं. "सान्के. कोहाकु. कोहाकु, म्हातारी आहे, माझ्या बायकोच्या हातची."

शेवटी मुळा आला. किनजोने त्याला दोन्ही हातांवर आडवं घेतलं आणि थांबला.

"इसाकु. काळं दिसतंय."

"गप. थट्टेची वेळ आहे का ही?"

"वहिनीची शपथ, थट्टा नाही. इकडे बघ, शेपटीच्या वर. कातडीखाली."

इसाकु वाकला. पांढऱ्यात काहीतरी निळसर होतं. ते जाळ्याच्या सावलीचं होतं, की रोगाचं, की खरंच वर येऊ पाहणारं काळं, हे त्याला सांगता येईना. मित्सुएला आलं असतं. तो पाहत राहिला. माशाचे कल्ले सावकाश उघडत मिटत होते.

"आजोबा?" तानाबे म्हणाली. "हा... जातीबाहेरचा लिहू का?"

"नाही," इसाकु म्हणाला. "शिरो बेक्को. पांढऱ्यावर काळं. तसंच लिहा."

बाईने लिहिलं. किनजोने मासा टबात सोडला.

तळ्यात चुना पडला. किनजोच्या तळ्यातले दोन मासे तपासणीला नेले, त्यांच्यात काही निघालं नाही. फुमीने तांदळाचे लाडू वाफवून गावात वाटले आणि इसाकुच्या उंबऱ्यावरही ठेवून गेली. "भावजी, खा हो काहीतरी," ती म्हणाली. "आमचं वाचलं, देवाची कृपा." इसाकुने लाडू घेतले. ते त्याच्या हातातच राहिले.

तानाबेने जाताना त्याला एकट्याला गाठून सांगितलं होतं. गार पाण्यात हा रोग निजतो. पाणी कोमट झालं की कळेल. "पाणी लगेच थांबवलंत ना?" तिने विचारलं होतं, आणि इसाकुने मान हलवली होती. कुठल्या बाजूला हलवली ते तिला नीट दिसलं नसावं.

बर्फ पडायला लागलं आणि छपराएवढं साचलं. कोरड्या तळ्याचा खड्डा भरून परसाच्या पातळीला आला. कुंपणाचे बांबूही बुडाले. रोज सकाळी दोघे म्हातारे फावड्याने आपापल्या दारापुढचं बर्फ ओढत आणि वाटेवर भेटत. किनजोने मुळ्यावरून एकदाही चेष्टा केली नाही. इसाकुला तीच हवी होती. रोज त्याला वाटे, आज सांगावं. रोज किनजो हवेबद्दल बोले, आणि तोही हवेबद्दल बोले.

बर्फ वितळलं. किनजोने झऱ्याला वेगळा पाट काढून आपलं तळं वाहतं केलं. रोपं लावून झाली, बेडूक ओरडायला लागले. इसाकु रोज सकाळी कुंपणाशी येऊन पलीकडे बघायचा. मासे चांगले होते. किनजोचे जुने कोहाकु, त्याच्या बापाने सुरू केलेल्या वाणाचे. जून उजाडला आणि दुपारचं पाणी हाताला कोमट लागायला लागलं.

एका सकाळी इसाकु परसात आला तर पलीकडे खळखळाट नव्हता.

किनजो कुंपणाशी उभा होता, गुडघ्यापर्यंत ओला. हातात मेलेला मासा होता, कल्ला उचललेला.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "कळल्यावर किती दिवस पाणी सोडलंस?"

इसाकुने गळ्यातला पंचा काढला, हातात धरला.

"मुळा बरा होता तोवर," तो म्हणाला. "पाच दिवस. सहाही असतील."

किनजोने मासा गवतावर ठेवला. घरातून फुमीने विचारलं, "कोण आहे हो?"

"टाकीतच ठेवायचा होता तो मासा," किनजो म्हणाला. "तोंड माझं चाललं." मग, "तरी सहा दिवस, इसाकु. सहा दिवस."

"हो."

"दुपारी ती बाई येईल. जाळं धरायला दुसरा माणूस लागतो. मुलगा शहरात आहे."

"येतो."

दुपारी तो आला. तेच अंगरखे, तेच बूट, तोच टब. किनजोने एक टोक धरलं, इसाकुने दुसरं. पहिला मासा वर आला तेव्हा तानाबेने पेन उघडून किनजोकडे पाहिलं. किनजोने तोंड फिरवलं. डोंगराकडे बघत तो तसाच उभा राहिला. जाळ्याचं टोक मात्र त्याने सोडलं नाही.

बाई थांबली होती.

"कोहाकु," इसाकु म्हणाला. जाळं आणखी थोडं ओढून त्याने पुढच्या माशाकडे पाहिलं. "कोहाकु."