अवसेची बाटली

बारावीचा निकाल लागला आणि सानगडीत मी एका दिवसात 'डॉक्टरीनबाई' झाले. मेडिकलला नंबर लागेल एवढे मार्क होते. पण मला हवी होती फार्मसी. मामा गावातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या टेबलाशी बसून खलात पूड घोटायची, मिक्श्चर हलवायचं, बाटलीला डोसासाठी खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची, याचं मला लहानपणापासून वेड. बाबा म्हणत, "पुड्या बांधाले एवढी शिकली का वं?" मी हट्टी, ऐकते कुठली! फॉर्म दोन्हीकडे भरले होते. कुठे जायचं ते पंधरा दिवसांत ठरवायचं होतं.

ते पंधरा दिवस मी मामांना मदत करत होते. त्यांचा नियम एकच, "बाटली आधी नाकाले, मग हाताले." औषधाला बाटली पेशंटनं घरून आणायची, आणि आमच्याकडे धानावर फवारायच्या एन्ड्रीन या जहराची बाटलीही राखेनं घासून ठेवून देत. चांगली काचेची बाटली कोण फेकते?

धानाच्या रोवणीचे, लावणीचे दिवस होते. बायांना शेतातल्या बांधीत परतायची घाई, त्यामुळे सकाळीच झुंबड उडालेली. मामा इंजेक्शनच्या सुया उकळत होते. तलावापलीकडच्या टोलीवरची, छोट्या वस्तीतली एक म्हातारी नातवाच्या तापाचं औषध न्यायला आली. मला सडकून सर्दी. बाटली नाकाशी नेली, काही कळलं नाही. पण चकचकीत दिसली, म्हणून भरून दिली.

दुपारी मामांनी नरसाळं उचललं आणि ते थबकले. पुन्हा हुंगलं. एन्ड्रीनचा वास!

"पोरी, हे कोणाच्या बाटलीत घातलं होतं?"

नरसाळं लागेल अशी अरुंद तोंडाची बाटली सकाळपासून एकच आली होती. "टोलीवरच्या म्हातारीच्या," मी म्हटलं. मामांनी सायकल काढली, मी कॅरिअरवर बसले. तलावाच्या पाळीवरून सायकल उधळत होती आणि मी मनात हिशेब करत होते: सकाळी एक खाच, दुपारी एक खाच. पोरगा चार वर्षांचा. टोलीवरून रडण्याचा आवाज येतो का म्हणून कान टवकारले. रोवणीची गाणी तेवढी ऐकू येत होती. देवा, याला वाचव, मी पुन्हा बाटलीला हात लावणार नाही, असं मी म्हटलं. अगदी असंच म्हटलं.

म्हातारी ओसरीवर बसली होती. पोरगा तिच्या मांडीवर, डोळे मिटलेले.

"दवा देली का?" मामा ओरडलेच.

"नाई जी. आज अवस आहे ना. अवसेले कोणी दवा सुरू करते का? उद्या देतो."

बाटली देवापुढे ठेवलेली होती, कुंकू लावलेली, पट्टीची एकही खाच न उतरलेली. अवसेला औषध न घेणाऱ्यांना आठवडाभरापूर्वीच मी दवाखान्यात चारचौघांत अडाणी म्हणाले होते. आता मी तिच्या देवापुढं पट्टीच्या खाचा पुन्हा पुन्हा मोजत होते.

मामांनी बाटली उचलली. "दवा बदलून देतो, बाई," एवढंच म्हणाले. संध्याकाळी ते स्वतःच्या बाटलीत नवं औषध देऊन आले. दुपारी आम्ही निघायला उठलो तेव्हा म्हातारीला कौतुक कोण! "पोरासाठी डॉक्टरीनबाई उन्हातान्हाची धावत आली!" तिनं जबरदस्तीनं चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी मी बाबांना मेडिकलला जाते म्हणून सांगितलं. त्यांनी गावभर पेढे वाटले. पोरगी हिमतीची निघाली, असं जो तो म्हणे. हिंमत कसली, डोंबलाची! डॉक्टर नुसतं लिहितो, भरतो दुसरा, एवढाच माझा विचार होता. मामांना ते कळलं असावं. "लिहिणाऱ्याचा हात चुकत नाही काय?" असं त्यांनी एकदाच विचारलं.

नागपूरला निघाले त्या दिवशी म्हातारी नातवाला घेऊन स्टँडवर आली. ताप उतरून पोरगा टुणटुणीत झाला होता. तिनं त्याला माझ्या पायांवर घातलं.

"हिच्या हातच्या दवानं वाचला बाप्पा तू. पाया पड."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. मागं बाबा उभे होते, डोळे पुसत. मी पोराला उचलून घेतलं आणि बस लागेपर्यंत खाली ठेवलं नाही.