पिठावरची तीन बोटं

माझे बाबा पक्षी झाले असं आमच्या घरात ठरलं, त्याला आता वर्ष होत आलं. ठरवलं माझ्या आत्यानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं. पुरावा मात्र मी दिला, माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांनी. हे मी कितीतरी महिने कोणाला सांगितलं नाही आणि त्या महिन्यांत जो वैताग भोगला तो सगळा माझीच कमाई होती, हे मला कबूल आहे. पण कबूल केल्यानं वैताग कमी होत नाही.

आमचं मूळ गाव तुमसरच्या बाजूला. तिकडचा रिवाज असा की माणूस घरात ज्या जागी गेला, त्या जागी नवव्या दिवशी संध्याकाळी ताटात चाळलेलं पीठ पसरायचं, तळहातानं सपाट करायचं, ताटाला लागून दिवा ठेवायचा आणि वरून बांबूची मोठी टोपली पालथी घालायची. दहाव्याच्या सकाळी टोपली उचलायची. पिठावर जी खूण असेल तिच्यावरून गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते कळतं. आजोबांच्या वेळी म्हणे लहान बाळाचं पाऊल उमटलं होतं. त्यानंतर आत्या दोनेक वर्षं गावात जन्मलेल्या प्रत्येक पोराचे पाय बघून यायची.

बाबा तरुणपणी गाव सोडून भिलाईला आले, प्लांटमध्ये लागले आणि सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये उभा जन्म काढला. गेले तेही त्याच क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, खाटेवर, दुपारचा चहा मागून. चहा येईपर्यंत थांबले नाहीत. खाट हलवून त्या जागी, सिमेंटच्या फरशीवर, आत्यानं ताट मांडलं आणि टोपली झाकून ती तिथंच पहाऱ्याला बसली.

आता माझं सांगतो. मी त्याच प्लांटमध्ये सेफ्टीत आहे. कुठं पेटतं काम करायचं असेल तर आधी परमिट, मग पाण्याचा पाइप, वाळूची बादली आणि आजूबाजूचं जळण्यासारखं सगळं बाजूला, हे लोकांच्या डोक्यात भरवून माझं स्वतःचं डोकं पार गेलेलं आहे. बायको म्हणते, मी लग्नाच्या मांडवात नवरीआधी दरवाजे मोजले होते. आणि माझ्याच घरात वाळलेल्या बांबूच्या टोपलीखाली उघडा दिवा जळत होता, बाजूला गाद्यांची चळत आणि खिडकीला पडदा. मी एकदा म्हणून पाहिलं, "आत्या, दिवा बाहेर ठेवला तर नाही चालत का?"

"जीवाले उजेड लागते," ती म्हणाली. "तुह्या प्लांटातले कायदे इथं नोको शिकवू."

आत्या जेवायला मागच्या अंगणात गेली तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. टोपलीची एक काडी तपकिरी झालेली दिसली, करपल्याचा वासही आला. मी टोपली उचलली आणि दिवा दोन बोटं पलीकडे सरकवायला वाकलो. दिवा तापलेला होता. हात झटकला, तोल गेला आणि तीन बोटं पिठात रुतली. पीठ पुन्हा सारखं करावं असं मनात आलं, पण आत्याच्या चपला वाजल्या. मी टोपली झाकून गाद्या मोजत असल्यासारखा उभा राहिलो. वाटलं, सकाळी विचारलं कोणी तर सांगून टाकू.

सकाळी कोणी विचारलंच नाही. आत्यानं टोपली उचलली, चष्मा पुसला, गुडघ्यावर वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पाखराचा पाय हाय." खोलीभर माणसं वाकली. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत नागपूरपासून दुर्गपर्यंतचे सगळे नातेवाईक तज्ज्ञ झाले. एकानं मोर ठरवला. एका चुलतभावाला त्यात त्रिशूळ दिसला, म्हणजे काकांना मुक्तीच मिळाली. आत्यानं त्याला फोन करून झापलं.

मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात आई भिंतीचा आधार घेत पुढे आली. नऊ दिवस ती कोणाशी धड बोलली नव्हती, रडलीही नव्हती. तिनं ताटात पाहिलं आणि ती रडायला लागली. मोकळी, पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चहा टाका कोनी तरी." नऊ दिवसांत पहिल्यांदा तिनं स्वतःहून काही मागितलं होतं. मी तोंड मिटलं. त्या वेळी मिटलं नसतं तर मी कसला मुलगा.

मिटलेलं तोंड मग मिटलेलंच राहिलं, आणि डोकं फिरायला लागलं ते तिथून पुढे. दहाव्याला शिवनाथ नदीच्या काठावर विधी करणाऱ्या महाराजांनी सांगितलं की जीवाचा प्रवास आत्ता कुठे सुरू झाला, वर्षभर तो वाट चालतो, तहानतो, थकतो, म्हणून महिन्या-महिन्याला पाणी द्या. मी विचारलं, "महाराज, घरी तर आज सकाळीच पक्षी झाले म्हणून ठरलं. मग वाट कोण चालतंय?" महाराजांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प दर्भ धरून बसलो. घरी येऊन आत्याला विचारलं, "दहा दिवसांत अंडं तरी फुटते का आत्या? आणि अंड्यातून निघून लगेच एवढा मोठा पाय?"

"देवाचा हिसाब तुह्या हजेरी रजिस्टरात नाही बसत," आत्या म्हणाली. नातेवाईक हसले. मलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही.

कारण तेराव्यानंतर सगळे आपापल्या गावी गेले आणि आईला साळुंकी सापडली. क्वार्टरच्या मागच्या खिडकीत जुन्या कूलरचा लोखंडी सांगाडा होता, त्यावर एक साळुंकी येऊन बसायची. आधीही येत असणार, साळुंक्या भिलाईत कमी नाहीत. पण आता आईनं तिच्यासाठी भात काढून ठेवायला सुरुवात केली. साळुंकीनं भात खाल्ला की मग आई जेवणार. आधी नाही.

"ती नाही, ते," आई मला दुरुस्त करायची. "मान कशी तिरपी करते पाह्य. तुह्या बाबाची सवय."

मान तिरपी करण्याची सवय जगातल्या सगळ्या साळुंक्यांना असते. हे मी बोललो नाही. माझ्या मुलीनं मात्र विचारलं, "दादी, दादाजी बिना चश्मे के देख लेते हैं?" तर आई गंभीरपणे म्हणाली, "आता चांगलं दिसते त्याईले." माझी मुलगी खूश झाली. मला मात्र झालं ते दुःख होतं की राग हे मला अजून सांगता येत नाही.

खरा प्रश्न क्वार्टरचा होता. क्वार्टर बाबांच्या नावावर. ते गेल्यावर ठरलेल्या मुदतीत तो रिकामा करून द्यायचा होता. माझं स्वतःचं घर कोहक्याला आहे, आईसाठी खोली तयार होती, रंगसुद्धा दिला होता. मी आठवड्यातून तीनदा शिफ्ट सुटली की सेक्टर दोनला जायचो आणि आईला समजवायचो. तीनदा तेच संभाषण.

"आई, सामान बांधायला घेऊ का?"

"मी नाही येत."

"कावून?"

"तुह्या बाबाले कोहक्याचा रस्ता माईत नाही."

बाबा स्कूटरवर बसून दर रविवारी कोहक्याला यायचे. रस्त्यावरचा खड्डान् खड्डा त्यांना पाठ होता. हे सांगितलं तर आई म्हणायची, स्कूटरचा रस्ता वेगळा, उडायचा वेगळा. बरं, मी म्हटलं, पक्षीच आहेत तर येतील शोधत, पाखराला किती अंतर ते. "अन् नाही आले तं?" ती म्हणायची. "इथं येऊन बसतील, खिडकी बंद दिसंल. उपाशी जातील." यावर उत्तर होतं, पण ते पिठात होतं.

मी बाहेर येऊन स्कूटरवर बसायचो आणि स्वतःवरच चरफडायचो. घरी जाऊन बायकोवर चिडचिड करायचो. एक दिवस ती म्हणाली, "तुम्हाला काय खुपतंय ते आईंना नीट सांगा, नाहीतर माझ्यावर ओरडणं बंद करा." तिला मी तेव्हाच सगळं सांगितलं. ऐकून ती खाली बसली. मग म्हणाली, "सांगू नका. मी म्हटलं होतं ते विसरा." म्हणजे तिकडूनही दार बंद.

उन्हाळा तापला. क्वार्टरची मुदत जवळ आली, एकदा वाढवून घेतली, तीही संपत आली. आणि एका दुपारी साळुंकी आली नाही. आईला शुगर आहे, सकाळची गोळी घेतल्यावर वेळेवर खावं लागतं. ती भात काढून खिडकीशी बसून राहिली. बाराचा एक झाला, एकचे अडीच. शेजारच्या बाईंना खिडकीतून काही पडल्याचा आवाज आला म्हणून त्या आल्या, तर आई खाली पडलेली, घामानं भिजलेली, हात थरथरणारे. त्यांनी साखर तोंडात घातली आणि मला प्लांटवर फोन केला.

मी पोचलो तोवर ती उठून बसली होती. खिडकीतला भात कडक झाला होता. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मला राग येतो, हा माझा जुना दोष आहे. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी उभ्या उभ्या म्हणालो, "बस झालं. बाबा पक्षी-बिक्षी काही झाले नाहीत. ती खूण माझ्या बोटांची होती. दिव्यानं टोपली जळून राहिली होती म्हणून मी हात घातला. माझी बोटं होती ती, आई. तू मरून राहिली माझ्या बोटांसाठी."

शेजारच्या बाई हळूच बाहेर गेल्या. आई खिडकीतल्या भाताकडेच बघत राहिली. वाटलं, तिला समजलंच नसावं. मग ती उठली, मी धरायला गेलो तर तिनं हात बाजूला केला. स्वयंपाकघरातून ताट आणलं, डब्यातलं पीठ त्यात ओतलं, तळहातानं सपाट केलं आणि जमिनीवर ठेवून म्हणाली, "कर."

"काय करू?"

"बोटं लाव. जसे लागले होते तसे."

मी नाही म्हणून पाहिलं. ती वाट बघत बसली. शेवटी मी वाकून तीन बोटं पिठात दाबली आणि उचलली. पाखराचा पाय उमटला. अगदी तोच. मला तेव्हा स्वतःचा हात तोडून टाकावासा वाटला.

आई बराच वेळ ताटाकडे बघत होती. मला वाटलं रडेल, मला बोल लावेल, आत्याला फोन कर म्हणेल. मी त्या सगळ्याच्या तयारीनं बसलो होतो. तिनं विचारलं ते मात्र माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

"तू टोपली उचलली तवा, तुह्या बोटाच्या आधी, पिठावर काही होतं का?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. करपलेली काडी आठवली. दिव्याची वात किती मोठी होती ते आठवलं, पडदा किती फुटांवर होता तेही आठवलं. पीठ आठवेना. मी त्याकडे पाहिलंच नव्हतं.

"मी दिव्याकडे पाहून राहिलो होतो," मी म्हणालो.

"म्हंजे असंल बी," ती म्हणाली. "नसंल बी."

होतं म्हणून सांगता आलं असतं. दोन शब्द होते. बाळाचं पाऊल होतं, म्हणायचं. इतके महिने खोटं अंगावर वागवलं होतं, आणखी एक मला जड नव्हतं. पण ती माझ्या तोंडाकडे अशी पाहत होती की ते निघालं नाही. तिनं ताट उचललं, पीठ परत डब्यात ओतलं आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच भांडी बांधायला काढली. मी तयारीनं गेलो होतो, डॉक्टरांचे कागद, मुदतीचं पत्र, सगळं घेऊन. काहीच लागलं नाही. चार दिवसांत क्वार्टर रिकामा झाला, मी चावी जमा केली. खिडकीकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.

आता ती कोहक्याला माझ्याकडे असते. गोळ्या वेळेवर घेते, ताट समोर आलं की लगेच जेवते, शुगर आटोक्यात आहे. डॉक्टर माझी पाठ थोपटतात. मला जे जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि ती जेवायला बसली की मला तिथं थांबवत नाही. मीच काहीतरी काम काढून उठतो.

परवा रविवारी ती गच्चीवर गहू निवडत बसली होती. कठड्यावर एक साळुंकी येऊन बसली, मान तिरपी करून सुपाकडे पाहायला लागली. माझ्याच्यानं राहवलं नाही. इतके दिवस ज्याचा मला वैताग होता तेच मी स्वतःच्या तोंडानं म्हणालो.

"आई, पाह्य, साळुंकी आली."

तिनं एकदा वर पाहिलं, चार दाणे त्या बाजूला टाकले आणि पुन्हा सुपात मान घातली.

"असंल कोनाचं तरी," ती म्हणाली.