बाबांनी आवळलेली गिटार

जुनी वस्तू घ्यायची म्हणजे आमच्याकडे आधी बाबांनी ती हलवून बघायची. स्कूटर असो, कूलर असो नाहीतर शिलाई मशीन, बाबा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवणार आणि कुठे जरा खडखड झाली की "चल घरी" म्हणणार. जन्मभर संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर होते. ढिला नट त्यांना सहनच व्हायचा नाही.

मग त्यांचा डावा हात थरथरायला लागला. आता हे असंच राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तो हात जो पँटच्या खिशात गेला तो बाहेर यायलाच तयार नाही. जेवतानासुद्धा खिशात. लग्नकार्यं बंद, दीक्षितपुऱ्यातल्या मित्रांकडे जाणं बंद. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं. म्हणून कांचघर भागात एक जुनी पेडल स्टील गिटार विकायला आहे असं कळल्यावर मी हट्टच धरला, "तुम्ही बघितल्याशिवाय मी घेणार नाही."

मांडीवर घेऊन वाजवायची हवाइयन गिटार मी वाजवते. पेडल स्टील मात्र मोबाइलवरच बघितलेली. टेबलासारखी चार पायांवर उभी, खाली पेडल, गुडघ्यांपाशी दांडे. ते दाबले की सूर वाजता वाजता सरकतो. अशी एक आपल्या जबलपुरात असेल हेच मला खरं वाटत नव्हतं.

विकणारे गृहस्थ आपल्या वारलेल्या थोरल्या भावाचं वाद्य काढून टाकत होते. गिटार जोडून, स्पीकर लावून तयार ठेवली होती. "दीदी, अंदर आइए, तारों का डिब्बा देख लीजिए," म्हणाले. मी आत गेले. बाबा बाहेरच्या खोलीतच थांबले.

परत येऊन बघते तर काय! बाबा गिटारीखाली फरशीवर उताणे पडलेले, डावा हात खिशात, उजव्या हातात पाना. घरून पाना घेऊन आले होते!

"बाबा! काय करून राहिले तुम्ही?"

"सगळं ढिलं होतं. आवळून टाकलं. आता नाही हलणार."

मी पेडल दाबलं. ढिम्म. दांडा ढकलला. तोही ढिम्म. परक्याच्या घरात, अजून विकत न घेतलेल्या वस्तूची त्यांनी पार वाट लावली होती. विकणारे गृहस्थ दारात आ वासून उभे.

"काहून हात लावला तुम्ही? ते हलायसाठीच असते!" मी ओरडलेच.

बाबा फरशीवर दोन्ही हात टेकून उठून बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरात एक हलून राहिलं ते पुरे नाही का?"

मी पेडलवरचा पाय काढून घेतला.

गृहस्थांना मराठी कितपत कळलं कोण जाणे, पण खिशाबाहेर आलेला तो हात त्यांनी बघितला. "नट तो खुल जाएंगे, अंकल," असं म्हणत त्यांनी बाबांना स्टुलावर बसवलं आणि तारांवर टेकवायची गुळगुळीत पोलादी कांडी त्याच हातात दिली. बाबा हात मागे घेऊ लागले. गृहस्थांनी घेऊ दिला नाही. कांडी तारांवर टेकवून मला म्हणाले, "दीदी, आप छेड़िए."

मी तार छेडली.

सूर निघाला तो लहरतच. अगदी माणसाच्या गळ्यातून यावा तसा. अशी लहर यावी म्हणून मी वर्षानुवर्षं मनगट हलवत आले आहे, आणि माझी लहर कायम ओढूनताणून आणलेली वाटते. ही आपसूक आली होती.

बाबा दचकले. स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे कोण वाजवून राहिलं?"

"तुम्हीच की, बाबा!"

गृहस्थ भिंतीकडे तोंड करून उभे होते. "भैया का हाथ भी ऐसे ही चलता था," एवढंच बोलले.

गिटार घेतली, हे सांगायला नकोच. नट गृहस्थांनी आणि बाबांनी मिळून सैल केले.

परतताना ऑटो सराफ्याच्या गर्दीत अडकली. तेवढ्यात पलीकडून दीक्षितपुऱ्यातल्या एका जुन्या मित्रानं बाबांना हाक मारली. बाबांचा उजवा हात गिटारीच्या पेटीवर होता. मला वाटलं, आता मान फिरवतील. त्यांनी डावा हात खिशातून काढला आणि वर केला. तो थरथरत होता. ऑटो सुटेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.