सोपान सरांची बतावणी

कळंबच्या गेणूबाबा कानड्यांचे थोरले चिरंजीव सोपान सर नारायणगावच्या कॉलेजात आम्हाला मराठी शिकवायचे. शिकवणं बरं होतं, पण एक खोड होती. आधी विनोद सांगायचे आणि मग तो का विनोदी आहे, तेही सांगायचे. तोवर आमचं हसू वाळून जायचं.

त्यांची पीएचडी तमाशातल्या बतावणीवर होती. गण-गौळण झाली की सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार समोरासमोर उभे राहून आयत्या वेळी सुचेल तसे शब्दांनी भिडतात, ती बतावणी. लिहून ठेवलेलं काही नसतं. म्हणून सर दोन वर्षं टेपरेकॉर्डर घेऊन हौशीराम वारूळवाडीकर या सोंगाड्याच्या फडामागे फिरले. चौदा कॅसेटी भरल्या.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये पुण्याच्या गाईड बाईंनी त्या ऐकल्या. म्हणाल्या, "कानडे, हे तर प्रवचन वाटतंय. माणसं हसतात कुठे?"

खरंच कुणी हसत नव्हतं. विद्यापीठाचा टेपरेकॉर्डर समोर दिसला की हौशीराम सभ्य व्हायचा. शिव्या वगळायचा, गावच्या पुढाऱ्याला साहेब म्हणायचा. सरांनी विचारलं तर म्हणाला, "तुमचं नाव खराब व्हाया नगं म्हून सांभाळून बोललो, राव!" एवढी काळजी सरांची आजवर त्यांच्या बायकोनंही घेतली नसेल.

जूनमध्ये नोंदणीची मुदत संपत होती. तोवर प्रबंध गेला नाही तर पाच वर्षं पाण्यात. सरांनी तीन दिवस दाढी केली नाही आणि चौथ्या दिवशी हौशीरामची रावटी गाठली.

"मला तुमच्यासमोर उभं करा."

"जोडीदार म्हून? सर, कालेजात काय म्हंतील?"

"ते मी बघतो."

घरी गेणूबाबा भडकले. "तुला मास्तर केला आमी. तोंडाला रंग फासाया न्हाई!" सर म्हणाले, "मास्तरकी सोडत नाही मी. पण हे करणार." आणि करत राहिले. कॉलेज सुटलं की रोज रावटीत तालीम.

तालमीत सरांची खोड आडवी आली. हौशीरामनं एक फेकलं की सर सात वाक्यं बोलायचे. हौशीराम कपाळाला हात लावायचा. "सर, उत्तर समजावून सांगू नगा. येक शबुद टाका आन गप ऱ्हावा. लोकांना येळ द्या." वर्गात आम्ही बारा महिने जे मनात म्हणत होतो, ते या माणसानं तोंडावर सांगितलं.

कळंबच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी होती. हजेरी म्हणजे दिवसाउजेडी, उघड्यावरचा खेळ. समोर सगळी भावकी, मागे आम्ही पोरं. गेणूबाबा टोपी डोळ्यांवर ओढून अगदी पुढे. टेपरेकॉर्डर ढोलकीशेजारी उघडाच होता, पण आज हौशीरामला बघायला समोर माणूस होता.

"काय पावणं, करता काय?"

"शिकवतो. मराठी."

"का? हितल्या पोरांना आयांनी शिकीवली न्हाई?"

आम्ही शिट्ट्या मारल्या.

"आन हितं कशापायी?"

"पीएचडी करतोय. तुमच्यावर."

"माज्यावर? आरं, मी जिता हाय आजून!"

मांडव नव्हता म्हणून, नाहीतर उडाला असता.

"किती वरसं झाली?"

"पाच."

"आमच्या म्हाताऱ्यानं पाच वरसांत इहीर खणली. पाणी बी लागलं. तुमाला काय लागलं?"

सरांचे ओठ हलले. सात वाक्यं येणार म्हणून आम्ही डोळे मिटले. सरांनी लोकांकडे बघितलं, थांबले.

"खडक."

मग पुढच्या रांगेतून गेणूबाबांचंच हसू फुटलं आणि त्यामागे सगळं कळंब. हौशीराम ओरडला, "मंग सुरुंग लावाया आलाय व्हय, राव!" पुढचा पाऊण तास त्यानं कुणाला सोडलं नाही. सरांना, प्राचार्यांना, न पाहिलेल्या गाईड बाईंनाही.

बाईंनी ती कॅसेट दोनदा ऐकली. "हा दुसरा आवाज कुणाचा?"

"माझा."

"संशोधकानं बाहेर राहायचं असतं, कानडे."

"बाहेर राहून चौदा कॅसेटी भरल्या, बाई. बतावणी समोरच्या माणसामुळे घडते. टेप धरणाऱ्यासमोर ती होत नाही. मी हेच लिहिणार आहे."

"मग पहिली तीन प्रकरणं रद्द होतील."

"करतो."

"मुदतीत?"

"करतो म्हटलं ना."

बाईंनी चष्मा काढला. "पुढची हजेरी कुठे आहे?"

बाई आल्या, छत्री घेऊन खुर्चीत बसल्या, स्वतःवरचे टोमणे ऐकून वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. सरांनी सकाळी हजेरी आणि दुपारी लिखाण असं मे महिनाभर रेटलं. मुदतीच्या आदल्या दिवशी प्रबंध जमा झाला. त्यात संशोधकाचं नाव दोनदा आहे. एकदा मुखपृष्ठावर आणि एकदा शेवटी कलावंतांच्या यादीत, हौशीरामच्या खाली.